शब्द ओळखीचा, आवाज अनोळखी: सांगलीत बसून आयएल्ट्स लिसनिंगची आठ आठवड्यांची तयारी

सांगलीच्या विश्रामबागेत मी आयएल्ट्सची, म्हणजे परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करून घेते. माझ्याकडं येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं जास्त असतात. मिरजेच्या दवाखान्यांत चार-पाच वर्षं ड्युटी केलेल्या नर्स, आणि इंजिनिअरिंग संपवून परदेशात मास्टर्स करायला निघालेली मुलं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना तीन मिनिटांचा एक ऑडिओ ऐकवते, उत्तरं लिहायला लावते आणि मग त्याच ऑडिओचा छापील मजकूर हातात देते. मजकूर वाचून झाला की हमखास एक वाक्य कानावर येतं, "अहो मॅडम, हे तर सगळं येतंय की मला!"

खरंच येत असतं. शब्द पाठ असतो, अर्थ माहीत असतो, परीक्षेच्या पेपरात तो शब्द कितीदा वाचलेला असतो. पण कानावर आला तेव्हा ओळखला नाही. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. बारावीपर्यंत धडे वाचले, व्याकरण सोडवलं, पण ज्यांची ती भाषा आहे त्यांच्या तोंडून ती फारशी ऐकली नाही. म्हणून या लेखात युक्त्यांपेक्षा कानाची तयारी जास्त आहे. युक्त्या दोन तासांत सांगून होतात, कान तयार व्हायला आठ आठवडे लागतात.

परीक्षेचा आराखडा

लिसनिंगमध्ये, म्हणजे परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात, चार पार्ट, प्रत्येकात १० असे ४० प्रश्न, आणि ऑडिओ साधारण ३० मिनिटांचा. तो एकदाच वाजतो. अ‍ॅकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग या दोन्ही प्रकारांना लिसनिंग सारखंच असतं. पार्ट १ मध्ये रोजच्या व्यवहारातलं दोघांचं संभाषण असतं: खोली भाड्यानं घेणं, कोर्सला नाव नोंदवणं. पार्ट २ मध्ये एकच माणूस एखाद्या जागेची किंवा सोयीची माहिती देतो. पार्ट ३ मध्ये विद्यार्थी आपसांत किंवा शिक्षकांशी अभ्यासाबद्दल बोलतात आणि पार्ट ४ म्हणजे कॉलेजातलं व्याख्यान. कागदावरच्या परीक्षेचा पर्याय मिळाला तर शेवटी उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटं मिळतात. कॉम्प्युटरवर दिली तर उत्तरं ऐकता ऐकताच टाइप करायची असतात, शेवटी तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात. हा फरक नाव नोंदवण्याआधीच लक्षात घ्या, कारण सराव त्याप्रमाणे बदलतो.

गुणांचा अंदाज असा: ४० पैकी साधारण १६ बरोबर आले तर ५ बँड (आयएल्ट्सचा निकाल अशा बँडमध्ये देतात), २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८. पेपरागणिक एखादा गुण इकडंतिकडं होतो. नर्सची नोंदणी करणाऱ्या यूकेच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयएल्ट्सच्या लिसनिंगमध्ये ७ लागतो, म्हणजे आमच्या नर्सताईंना दहा चुका परवडतात. हा आकडा मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. सगळं अक्षरन्अक्षर ऐकू आलंच पाहिजे ही धास्ती त्यानं निम्मी होते.

पहिले तीन आठवडे: टेस्ट बंद, वही सुरू

बहुतेक जण तयारी म्हणजे रोज एक पूर्ण टेस्ट सोडवणं असं समजतात. २१ आले, २२ आले, परत २१. महिना जातो आणि आकडा तिथंच राहतो. रोज वजन करून कुणी बारीक होत नाही. पहिले तीन आठवडे माझ्याकडं पूर्ण टेस्ट कुणालाच मिळत नाही. त्याऐवजी एक काम रोज ४० मिनिटं करायचं, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतकं फळ देणारं दुसरं काही नाही.

ज्याचा मजकूर उपलब्ध आहे असा ऑडिओ घ्या. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर सहा मिनिटांचे कार्यक्रम मजकुरासकट फुकट मिळतात, आयएल्ट्सच्या अधिकृत संकेतस्थळावरचे नमुना पेपरही चालतात. त्यातलं फक्त एक मिनिट निवडा. पहिल्यांदा न थांबता ऐका, हातात पेन नको. काय चाललंय ते मराठीत स्वतःलाच सांगा. दुसऱ्यांदा एकेक वाक्य थांबवून, जसं ऐकू आलं तसं लिहा. एका वाक्याला तीनदा मागं जायला मुभा आहे, चौथ्यांदा नाही. कळलं नाही तिथं रेघ मारून पुढं जा. मग मजकूर उघडा आणि लाल पेननं तपासा.

आता खरं काम. प्रत्येक लाल खूण तीनपैकी एका रकान्यात लिहायची. पहिला रकाना: हा शब्द मला माहीतच नव्हता. दुसरा: माहीत होता, पण ऐकताना ओळखला नाही. तिसरा: ओळखला, पण स्पेलिंग चुकलं किंवा शेवटचा 'एस' सुटला. दहा दिवसांनी वही उघडून मोजा. पहिला रकाना भरला असेल तर शब्दसंग्रह कमी पडतोय. तिसरा भरला असेल तर हाताची घाई होतेय. आपल्याकडच्या मुलांचा दुसरा रकाना ओसंडून वाहत असतो आणि त्याच्यावर शब्दांच्या याद्या पाठ करणं हा उपाय मुळीच नाही. तरी सगळे तेच करत बसतात, म्हणून इतकं ठासून सांगते.

दुसऱ्या रकान्यावरचा उपाय म्हणजे ते वाक्य पुन्हा लावायचं आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, त्याच वेगात, त्याच चढउतारात आपण म्हणायचं. पाच-सहा वेळा. जो आवाज आपल्या तोंडातून एकदा निघाला तो कानाला पुढच्या वेळी परका वाटत नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर बघितले असतील तर आठवून बघा. तारा टेकतात त्या घोडीवर जरासं घासायचं, तार छेडून ऐकायचं, पुन्हा जरासं घासायचं. एका मिनिटाच्या ऑडिओवर ४० मिनिटं खर्च करणं म्हणजे तसलंच बारीक काम.

ऑडिओचा वेग ०.७५ करून ऐकावं का, हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या आठवड्यात चालेल, तेही फक्त अडलेल्या वाक्यापुरतं. नंतर नको. हळू केलेल्या आवाजात शब्द वेगळे सुटतात, आणि परीक्षेत तर ते एकमेकांत मिसळलेलेच येणार.

शब्द गिळतात म्हणजे काय

"इंग्रज शब्द खातात" अशी तक्रार मी रोज ऐकते. पण आपण काय करतो? लिहिताना 'कुठे चालला आहेस' आणि बोलताना 'कुठं चाललायस'. परदेशातून मराठी शिकायला आलेला माणूस 'चालला' आणि 'आहेस' असे दोन शब्द शोधत बसेल आणि त्याला एकही सापडणार नाही. आपली अवस्था इंग्रजीत तीच होते.

'यू शुड हॅव टोल्ड अस' हे वाक्य कानावर येतं 'यूशुडव्हटोल्डस' असं. 'पुट इट ऑन द लिस्ट' होतं 'पुटिटॉन्दलिस्ट'. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत एका शब्दातलं एकच अक्षर दणकून येतं आणि बाकीची त्याच्या सावलीत दबतात. 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'अँड', 'कॅन' हे छोटे शब्द तर जवळजवळ श्वासाइतकेच ऐकू येतात. म्हणून ऐकताना जोरात येणारे शब्द धरा, अर्थ त्यांच्यावर उभा असतो. अपवाद एकच, 'कॅन' आणि 'कांट'. ब्रिटिश बोलण्यात होकारातलं 'कॅन' 'कन्' इतकं बारीक होतं आणि नकारातलं 'कांट' लांब आणि ठसठशीत येतं. शेवटच्या 'टी'ची वाट बघत बसलात तर तो बऱ्याचदा ऐकूच येत नाही, स्वराच्या लांबीवरून ओळखा.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द तर आणखी फसवतात, कारण त्यांचा आपला उच्चार कानात पक्का बसलेला असतो. आपण 'कम्फर्टेबल' म्हणतो, तिकडं 'कम्फ्टबल' ऐकू येतं. 'व्हेजिटेबल' होतं 'व्हेज्टबल'. 'लॅबोरेटरी' इंग्लंडमध्ये 'लबॉरट्री' आणि अमेरिकेत 'लॅब्रटोरी'. 'शेड्यूल' अमेरिकन माणूस 'स्केज्युल' म्हणतो. असे शब्द सापडतील तसे वहीच्या मागच्या पानावर दोन उच्चारांसकट लिहीत जा. एका नर्सताईंनी असे सत्तर-ऐंशी शब्द जमवले होते, आणि त्यातले बरेचसे त्या वॉर्डात रोज बोलत होत्या!

परीक्षेत ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे असे वेगवेगळे बोलणारे येऊ शकतात. ऑस्ट्रेलियन तोंडातला 'ए' आपल्याला 'आय'सारखा वाटतो, 'टुडे' ऐकून 'टुडाय' वाटेल. न्यूझीलंडचा माणूस 'पेन' म्हणाला तर 'पिन' ऐकू येईल. सगळे उच्चार शिकायला वेळ नाही आणि गरजही नाही. आठवड्यातले दोन दिवस ऑस्ट्रेलियाच्या एबीसी किंवा न्यूझीलंडच्या आरएनझी रेडिओचे कार्यक्रम २० मिनिटं ऐका, तेवढं पुरतं.

आकडे आणि स्पेलिंग: पार्ट १ ची खरी परीक्षा

पार्ट १ सोपा म्हणून दुर्लक्ष करू नका. ७ बँड हवा असेल तर इथं १० पैकी ९ तरी आलेच पाहिजेत, आणि इथले गुण आकडे आणि स्पेलिंगवर जातात.

मराठी माणसाला आकड्यांची एक अडचण असते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण एकक आधी बोलतो. सत्तेचाळीस म्हणजे आधी सात, मग चाळीस. 'फॉर्टी-सेव्हन' ऐकलं की मनात पटकन 'सत्तेचाळीस' उमटतं आणि हात ७४ लिहून मोकळा होतो. हुशार मुलांकडूनही मी हे कितीदा पाहिलंय. उपाय: आकडा मनात मराठीत आणायचाच नाही. 'फॉर्टी' ऐकताक्षणी ४ लिहा, मग ७. घरात कुणाला तरी रोज ५० आकडे इंग्रजीत वाचायला सांगा आणि न थांबता लिहा. पंधरा दिवसांत सवय मोडते.

'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत शेवटचा 'एन' शोधू नका, जोर कुठं पडतो ते ऐका. 'थर्टी'त जोर सुरुवातीला असतो, 'थर्टीन'मध्ये बहुधा शेवटावर येतो आणि 'टीन' लांबतो. फोन नंबरात शून्याला 'ओ' म्हणतात, 'डबल' आणि 'ट्रिपल' येतात. वेळेत 'हाफ सेव्हन' आलं तर ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ साडेसात, साडेसहा नव्हे. 'क्वार्टर टू' म्हणजे आपलं पावणे.

स्पेलिंगसाठी नावं अक्षरं सुटी करून सांगितली जातात. 'ए', 'ई' आणि 'आय', 'जी' आणि 'जे', 'बी', 'पी' आणि 'व्ही' या जोड्यांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. 'झेड'ला अमेरिकन माणूस 'झी' म्हणतो, आणि 'आर' ब्रिटिश तोंडातून नुसता 'आ' असा येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात, पण चुकीचं स्पेलिंग म्हणजे शून्य गुण. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम', 'वेन्सडे'तला न ऐकू येणारा 'डी', 'रिसीट'मधला मुका 'पी', 'फेब्रुअरी'तला पहिला 'आर', एवढे तरी डोळे मिटून लिहिता आले पाहिजेत. कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर ते टाइप करून बघा. मोबाइलच्या कीबोर्डनं आपोआप चुका दुरुस्त करून आपली सवय पार बिघडवली आहे.

चौथा ते सहावा आठवडा: प्रश्नाशी जोडणी

आता वहीचं काम २० मिनिटांवर आणा आणि रोज एकच पार्ट सोडवा.

ऑडिओ सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात रिकाम्या जागेत काय येणार याचा अंदाज बांधा: आकडा, जागा, वस्तू की माणूस? एकवचन की अनेकवचन? सूचनेत शब्दांची मर्यादा बघा. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं असताना 'द मेन लायब्ररी' लिहिलं तर तीन शब्द झाले, उत्तर चूक.

प्रश्नातला शब्द ऑडिओत तसाच येईल अशी वाट बघू नका. समजा प्रश्न आहे, 'द टूर इज फ्री फॉर...' आणि माणूस बोलतो असं: "वी यूज्ड टू लेट स्टुडंट्स इन फॉर नथिंग, बट दॅट स्टॉप्ड लास्ट इयर. दे पे फाइव्ह पाउंड्स नाऊ, अँड देअर्स नो चार्ज फॉर सीनियर्स." 'फ्री' शब्द कुठंच नाही. 'स्टुडंट्स' आधी आलं, फुकट सोडण्याबद्दलच आलं, आणि तेच फसवं उत्तर आहे. 'बट', 'अ‍ॅक्चुअली', 'नो, सॉरी', 'यूज्ड टू' हे शब्द कानावर पडले की लिहिणारा हात थांबला पाहिजे. आमच्या वर्गात मी या शब्दांना 'वळण' म्हणते. सरावानंतर मजकुरात अशी वळणं शोधून गोल करा. एका पार्टमध्ये चार-पाच सहज सापडतील.

उत्तरं साधारणपणे प्रश्नांच्या क्रमानंच येतात. त्यामुळं एक सुटलं तर ते सोडून द्या. "सुटलेल्या एकाचा विचार करत बसलो आणि पुढची तीन गेली," हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की आता त्याचाच वेगळा सराव घेते. मुद्दाम मधलं एक उत्तर सोडायला लावते आणि पुढच्या प्रश्नावर नजर न्यायला सांगते.

पार्ट २ मधल्या नकाशाला मुलं घाबरतात. त्यासाठी सांगली पुरेशी आहे. राजवाडा चौकातून गणपती मंदिराकडं आणि तिथून आयर्विन पुलाकडं कसं जायचं ते इंग्रजीत मोठ्यानं सांगा, मित्राला कागदावर रेषा काढायला लावा. 'ऑपोझिट', 'जस्ट पास्ट', 'अ‍ॅट द फार एंड', 'ऑन द कॉर्नर', 'फेसिंग' हे शब्द चार दिवसांत अंगवळणी पडतात. परीक्षेच्या नकाशात आधी आपण कुठं उभे आहोत ते शोधा, डावं-उजवं त्यावरूनच ठरतं.

पार्ट ३ मध्ये शब्दांपेक्षा बोलण्याचा रोख महत्त्वाचा. दोघं चर्चा करतात, एक जण सुचवतो, दुसरा नम्रपणे टाळतो, शेवटी तिसरंच काही ठरतं. आपल्याकडं कुणी 'बघू की' म्हणालं म्हणजे बहुतेक नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तसंच 'आय सपोज सो' म्हणजे नाइलाजानं होकार, 'आयम नॉट शुअर अबाउट दॅट' म्हणजे नकार, 'फेअर इनफ' म्हणजे तुझं पटलं. पर्याय वाचताना कोण काय म्हणालं यापेक्षा शेवटी काय ठरलं हे धरा.

पार्ट ४ मध्ये मधे थांबा नसतो, दहाही प्रश्न एका दमात. विषय अनोळखी असला तरी चालतं, उत्तर ऑडिओतच असतं. वक्ता एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना 'टर्निंग टू', 'अनदर प्रॉब्लेम', 'सो व्हॉट डिड दे फाइंड' असं काहीतरी बोलतो. प्रश्नपत्रिकेतली उपशीर्षकं याच मुद्द्यांशी जुळलेली असतात. रस्ता हरवला तर पुढच्या उपशीर्षकावर जाऊन थांबा, वक्ता तिथं येतोच.

शेवटचे दोन आठवडे

आता पूर्ण टेस्ट. आठवड्याला दोन, फार तर तीन, परीक्षेच्या वेळीच आणि मधे न थांबता. प्रत्येक टेस्टनंतर चुका त्याच तीन रकान्यांत. टेस्टला अर्धा तास लागला तर तपासणीला तासभर गेला पाहिजे.

एखादी टेस्ट मुद्दाम गोंगाटात द्या, शेजारी मिक्सर चालू असताना किंवा रस्त्याकडच्या खोलीत. परीक्षेच्या खोलीत कुणाची खुर्ची करकरते, कुणी खोकतं. एवढ्या आवाजानं लक्ष उडू नये, इतकंच त्यातून साधायचं.

केंद्र पुण्यात मिळालं असेल तर आदल्या दिवशीच जा. सांगलीहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढं आहे. पहाटे निघून खंबाटकी घाटात अडकलेल्या मुलाचा जीव आधीच अर्धा झालेला असतो, आणि लिसनिंग, रीडिंग, रायटिंग ही तिन्ही एकाच बैठकीत, मधे सुट्टी न घेता द्यायची असतात. नाव नोंदवताना दाखवलेला पासपोर्टच सोबत हवा. सकाळी निघताना १५ मिनिटं इंग्रजी ऐका, तेही आधी ऐकलेलं, ओळखीचं. नवं काही नको.

खोलीत हेडफोन दिला तर आवाज सुरुवातीलाच जुळवून घ्या. काही बिघाड वाटला तर लगेच हात वर करा. संकोचून गप्प बसू नका, नंतर सांगून उपयोग होत नाही. आणि शेवटी तपासायला जी मिनिटं मिळतात, ती नव्यानं विचार करण्यात घालवू नका. आधी 'एस' बघा, मग शब्दमर्यादा, मग स्पेलिंग. शेवटी रिकाम्या जागा शोधा आणि प्रत्येकीत काहीतरी लिहाच, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.